काका, लॉग आउट करा ना

काल भर मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "एक फोल्डर उघडून द्यायला इतके दिवस लागतात?" सगळे हसले.

काम एवढंसं. अकाउंट्सच्या काकांना सर्व्हरवरचं जीएसटीचं फोल्डर हवं होतं. विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी लागते, एक शेअरवर, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर खुलं केलेलं असतं तिथं, आणि एक खुद्द फोल्डरवर. दोन्हींतली कडक असेल ती चालते. दोन्ही तपासल्या आणि ज्यांना हे फोल्डर उघडायची परवानगी आहे, त्या जीएसटीच्या ग्रुपमध्ये काकांना घातलं. पण माणूस कुठल्या ग्रुपात आहे, हे विंडोज लॉग इनच्या वेळीच बघतं. म्हणजे काकांनी एकदा बाहेर पडून परत आत यायचं.

"काका, लॉग आउट करा."

"केलं की!"

"ती स्क्रीन लॉक केलीत तुम्ही."

"आत येताना पासवर्ड मागितला ना त्यानं?"

"मागितला, पण..."

"मग मी बाहेरच होतो. घरात बसलेल्या माणसाला कुणी किल्ली मागतं का रे?"

मी वाकून त्यांचा स्क्रीन पाहिला. बुक१, बुक२, बुक३... खालच्या पट्टीत एक्सेलची दाटी झालेली. एकही फाइल सेव्ह केलेली नाही.

"सेव्ह केली की कुठं जाते ते सापडत नाही. म्हणून उघडीच ठेवतो."

साहेबांचा तोडगा ठरलेला: "एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक, कटकट नको." म्हणजे सगळ्यांना सगळंच करायची मुभा. मागे दिलं होतं. कुणाचा तरी माउस घसरला आणि अख्खं फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेलं. रात्री उशिरापर्यंत शोधत कोण बसलं? मी. ओव्हरटाइमचं नाव काढायचं नाही, वर "सिस्टिम नीट ठेवत जा".

शेवटी लाइट गेली. काकांच्या यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. नवीची मागणी साहेबांच्याच टेबलावर पडून आहे. लाइट आली, मशीन चालू झालं, काकांनी लॉग इन केलं आणि फोल्डर उघडलं. बुकं सगळी गेली, पण त्याचं खापर लाइटवर. फोल्डरचं श्रेयही लाइटलाच. "लाइन मोकळी झाली बघा! याला जमलं नाही ते लाइटनं केलं," हे काकांनी मजलाभर सांगितलं आणि तेच मीटिंगपर्यंत पोचलं.

आज काकांचा नवा हुकूम. "अकाउंट्समधल्या एकालाही हे फोल्डर उघडता येता कामा नये. ते डिनाय असतं ना, ते टाक अख्ख्या ग्रुपला."

मेलवर मागा म्हटलं. मेल आला, खाली साहेबांची मंजुरीही आली. काका स्वतः अकाउंट्सच्याच ग्रुपमध्ये आहेत आणि डिनायपुढे, म्हणजे मनाईपुढे, अलाऊचं, म्हणजे परवानगीचं, काही चालत नाही.

टाकलंय.