तो व्हिडिओ हसत हसत फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या आणि माहेरच्यांच्या. आपल्या नाशिकमधलाच चौक आहे. पोलिसांची गस्तीची गाडी बंद पडलीय, दोघे शिपाई मागून धक्का मारताहेत, तिसरा स्टिअरिंगवर बसलाय. टपावरचा लाल-निळा दिवा कसाबसा मिणमिणतोय. व्हिडिओ काढणारा हसतोय आणि म्हणतोय, "हे बघा, हे येणार आपल्याला वाचवायला." त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. त्यात माझ्या ओळखीची, चांगल्या घरातली माणसं आहेत, म्हणून जास्त लागलं.

मी नानांना दाखवला. दाखवायला नको होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझे वडील पोलीस खात्यात चालक होते. ३१ वर्षं गाडी चालवली. आता सत्तरीला आलेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातभर लांब धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. हसले नाहीत. म्हणाले, "मागचा डावा टायर बघ. झिजून गोटा झालाय." मग थोड्या वेळानं, "धक्का मारताहेत म्हणजे बॅटरी उतरली. रात्रभर नाकाबंदीला दिवा आणि वायरलेस चालू, आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद. दुसरं काय होणार?" फोन परत दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. चहा तसाच गार झाला.

ज्यात तुम्हाला विनोद दिसला, त्यात या माणसाला एका रात्रीत काय काय घडलं असेल ते सगळं दिसलं.

मी आठवीत होते. २००३ साल, सिंहस्थ सुरू होता, आणि ज्यांनी तेव्हाचं नाशिक पाहिलंय त्यांना बंदोबस्त म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नाना चार-चार दिवस घरी नीट झोपत नसत. मी सायकलवर डबा घेऊन पोलीस ठाण्यात जायचे. त्यांची एक सवय मला तेव्हा फार विचित्र वाटायची. ड्युटीवर आले की पहिल्यांदा ते जीपखाली जुना 'गावकरी' पेपर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवायचे आणि मग लॉगबुक भरायला जायचे. अर्ध्या तासानं परत येऊन कागद ओढून काढायचे आणि रांगोळी बघावी तसा बघायचे. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. रंगीत पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट. आणि चाकाजवळ फिकट, पातळ, बोटांत घेतला की निसटणारा डाग असेल तर तो सगळ्यात वाईट, कारण ते ब्रेक ऑइल.

त्या दिवशी मी डबा घेऊन उभी होते. कागद बाहेर आला. मागच्या डाव्या चाकाच्या जागी वाटीच्या तोंडाएवढा ओला गोल. नानांनी बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, मग आत बसून ब्रेकचं पेडल दाबलं. एकदा, दोनदा. मला म्हणाले, "डबा ठेव आणि घरी जा."

बाकीचं नंतर आईकडून आणि काकांकडून कळलं. ते पुढे सांगते.

आधी मला त्या हसणाऱ्यांना एक विचारायचंय. तुमची गाडी दिवसातून किती तास चालते? कॉलेज रोडवरून सातपूरला ऑफिस, संध्याकाळी परत, रविवारी सोमेश्वर. गस्तीच्या गाडीला इंजिन थंड व्हायला वेळ मिळत नाही. एक चालक उतरला की दुसरा बसतो. मीटरवर रात्रीचे २० किलोमीटर पडतात, पण इंजिन तासन् तास जागेवर धडधडत असतं. सर्व्हिसिंग किलोमीटरवर मोजलं तर कागदावर गाडी नवीकोरी दिसते आणि आत ऑइलचं डांबर झालेलं असतं. इंजिन बंद ठेवावं तर दिवा आणि वायरलेस बॅटरी खातात. मग सकाळी धक्का. आणि मग तुमचा व्हिडिओ.

नाना आठवड्यातून एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायचे, कोरडं करून वर व्हॅसलिन चोळायचे. ती व्हॅसलिनची डबी आमच्या घरातली होती. थंडीत आई शोधत बसायची.

टायरचंही तसंच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर रस्त्यावर आणू नये, असा आपला नियमच सांगतो. खाचा पाणी बाहेर फेकायला असतात. गोटा टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक कितीही दाबा. नाशिकचा पाऊस, त्यात खोदलेले रस्ते, उड्डाणपुलाखाली साचलेलं तळं. अशात त्या डाव्या मागच्या टायरवर चार पोलीस बसवून आपण त्यांना सांगतो, लवकर या.

हो, मान्य आहे, पोलिसांच्या गाड्या विनाकारण सायरन वाजवत उलट्या बाजूने घुसतात, मीही पाहिलंय. आपल्याला दंड करणारे स्वतः बेल्ट लावत नाहीत, तेही पाहिलंय. मला त्याची चीडच आहे. नानांना तर माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणायचे, सायरन म्हणजे विनंती आहे, हुकूम नाही. काचा वर करून एसी लावलेल्या माणसाला तो अगदी जवळ येईपर्यंत ऐकूच जात नाही. सिग्नल लाल असेल तर सायरन चालू असतानाही ते वेग कमी करून दोन्हीकडे बघून मगच निघायचे. २०१७ च्या वाहतूक नियमांत आता हेच छापलंय. तातडीच्या गाडीला लाल सिग्नल ओलांडायची मुभा आहे, पण वेग कमी करून, काळजी घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर. पाठलागाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, चोराच्या गाडीपेक्षा वायरलेस जोरात पळतो. नंबर सांगा, दिशा सांगा, पुढचा नाका बंद करू द्या. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट रस्ता लागतो. ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच.

तर तो दिवस. नानांनी लॉगबुकात लिहिलं, "मागील डाव्या चाकास ब्रेक ऑइलची गळती. गाडी गस्तीस योग्य नाही." आणि चावी टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, गाडी चालते ना? मग काढ. नाना म्हणाले, चालते साहेब, थांबत नाही. साहेब चिडले. त्यांच्यावरही वरून दबाव असणार, सिंहस्थाचे दिवस, गाडी उभी राहिली तर त्यांना जाब विचारला गेला असता. एवढं मी समजून घेते, याच्यापुढे नाही. त्यांनी ती चावी आमच्या पोलीस लाईनीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकांच्या हातात दिली. काका दिवसपाळी संपवून घरी निघाले होते. त्यांचा रजेचा अर्ज त्याच टेबलावर पडून होता, मुलीचं लग्न होतं. काकांनी चावी घेतली.

रात्री दोनच्या सुमाराला कॉल आला. पाऊस होता. पुढे एक रिक्षा आडवी आली. काकांनी पेडल दाबलं ते तळालाच गेलं. पुढचे ब्रेक लागले, पण उशिरा. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम तेलानं माखलेला, तो धरेचना, आणि जीप एका बाजूला ओढली जाऊन दुभाजकावर चढली. मागे सुटे ठेवलेले लाठ्यांचे गठ्ठे आणि ढाली पुढे आल्या. एका शिपायाचं डोकं फुटलं. काकांचा उजवा गुडघा स्टिअरिंगच्या खाली अडकला.

हे लिहिताना माझे हात थरथरतात, खरंच. कारण ती चावी नानांच्या हातातून गेली होती.

आणि नंतर काय झालं माहितीये? हुकूम मानला नाही म्हणून नानांना कसुरी रिपोर्ट, म्हणजे कामात कसूर केल्याचा लेखी ठपका. आणि निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून काकांची चौकशी. दोघांनाही! गाडी नको म्हणणाराही दोषी आणि गाडी नेणाराही दोषी. पुढे जीपच्या दुरुस्तीचा खर्च काकांच्या पगारातून वसूल करायची भाषा सुरू झाली. सरकारी गाडीला विम्याची सक्ती नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्येच तशी सूट आहे. म्हणजे वर्दीतला माणूस पायानं भरतो, आणि वर खिशातूनही भरायला लावणार.

काकांना वाचवलं ते लॉगबुकातल्या त्या ओळीनं. नानांनी चौकशीत स्वतः जाऊन ते पान दाखवलं. काकांचं प्रकरण मिटलं. नानांचा कसुरी रिपोर्ट तसाच राहिला. त्यांनी त्याबद्दल घरात एकदाही तक्रार केली नाही.

आता मला सांगा, चूक कुठली? मेकॅनिकची? जीपची? चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोच कधी तरी, रबर आहे ते. गळतंय हे एका माणसाला गाडी निघायच्या आधी दिसलं होतं. त्यानं ते लिहिलं होतं. खात्यातली सगळ्यात स्वस्त सुरक्षा म्हणजे एक जुना पेपर आणि चालकाचा शब्द, आणि त्या शब्दाला शिक्षा झाली. पायलट म्हणाला की हे विमान उडणार नाही, तर दोनशे प्रवासी गपचूप बसून राहतात. पोलीस चालक म्हणाला की गाडी निघणार नाही, तर तो कामचुकार.

मला एवढंच हवंय. चालकाने लॉगबुकात 'नाही' लिहिलं की मेकॅनिक बघेपर्यंत ती चावी कुणालाही मिळता कामा नये, साहेबांनाही नाही. आणि ड्युटी सुरू होतानाची ती पंधरा-वीस मिनिटं, ऑइल, ब्रेक, टायर, वायपर, स्टेपनी बघायची, ती ड्युटीतच मोजा. चालकाच्या झोपेतून कापू नका. नवीन गाड्या आल्यात, ठीक आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली, तेही बरंच झालं. पण नव्या गाडीचंही ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि दोन वर्षांनी बदलावंच लागतं. नवी गाडीही विचारल्याशिवाय आपलं दुखणं सांगत नाही, कुणीतरी वाकून बघावं लागतं.

२०२७ चा सिंहस्थ समोर आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतून गाड्या येतील, चालक येतील, ज्यांना द्वारकेचा चौक माहीत नाही, घाटाकडचे उतार माहीत नाहीत. पावसाचे दिवस असतील. गोदावरीला पूर येऊन नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की याच गाड्या गोदाकाठाने भोंगे वाजवत फिरतात आणि आपण पुलावर उभे राहून पाण्याचे फोटो काढतो. नाना पाण्यातून गाडी काढली की पुढचा थोडा रस्ता ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचे, ड्रम सुकावेत म्हणून. महामार्गावर अपघाताला थांबले तर जीप अपघाताच्या बरीच मागे लावायचे, चाकं कडेला वळवून, म्हणजे मागून ट्रकने ठोकलं तरी जीप माणसांवर जाणार नाही. रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या लावायचे आणि निघताना न विसरता एकेक दगड उचलून कडेला टाकायचे. हे त्यांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही. हे नव्या पोरांपर्यंत कोण पोचवणार आहे?

मघाशी रागात होते, शाळेच्या ग्रुपवर जरा जास्त बोलले. ज्यांना लागलं त्यांची माफी मागते. पण तो व्हिडिओ काढून टाका. धक्का मारणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट दिसताहेत, आणि त्यांचीही मुलं शाळेत जातात. हसायचंच असेल तर मागच्या डाव्या टायरचा फोटो काढून आयुक्तालयाकडे पाठवा, निदान उपयोग तरी होईल.

संध्याकाळी काका आले होते. दर रविवारी येतात. उजवा पाय अजून वाकत नाही, म्हणून नाना खुर्चीसमोर आधीच स्टूल ठेवतात आणि त्यावर उशी. व्हिडिओ काकांनाही आला होता. दोघांनी एकाच फोनवर परत पाहिला, आवाज बंद करून.

"स्टिअरिंगवरचं पोरगं नवीन दिसतंय," काका म्हणाले.

"हं. हात बघ कसे आवळलेत त्यानं."

काकांनी फोन उपडा ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "लॉगबुकात लिहिलं असेल का रे त्यानं?"

नाना काही बोलले नाहीत. उठून त्यांनी काकांच्या पायाखालची उशी सरळ केली.