चादरीच्या आधीचं सोलापूर

सोलापूरच्या गिरण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'सोलापूरच्या गिरण्यांनी जगाला चादर दिली' हे वाक्य खटकलं. चादर गिरणीची नाही ओ, ती शहराच्या पूर्व भागातल्या मागावरची. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरात जकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) लावून ती विणली. गिरण्यांचं मुख्य काम सूत आणि साधं कापड.

१८६० ला रेल्वे आली, कापूस हलू लागला, आणि १८७७ मध्ये 'जुनी मिल' नावाची गिरणी सुरू झाली. नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. माझे आजोबा त्यातल्याच एकीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होते. पाळी संपवून आले की भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची, आजी दारातच पंचा घेऊन उभी. भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक. आमच्याकडे तर दूधवाल्याचा हिशोबसुद्धा 'दुसऱ्या भोंग्याला' असाच चालायचा.

आणि १९३० च्या कायदेभंगाच्या आंदोलनात सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉवर (लष्करी कायद्यावर) लेखात एकच ओळ? त्या आंदोलनात गिरणी कामगार रस्त्यावर होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन तर कामगारांतच वावरणारे. बाकीच्या तिघांची, धनशेट्टी, शिंदे, सारडा यांची नावं चौकातल्या पुतळ्यांमुळे तरी टिकलीत.

गिरणी बंद पडल्यावर आजोबांची देणी वर्षानुवर्षं अडकली. पासबुक शेवटपर्यंत उशाखाली होतं. तेव्हा घर चाललं ते आजीच्या विड्यांवर. बिडी कामगार बायकांवरही लिहा एकदा.