आकडे उलटे म्हणवून तर्कबुद्धी वाढत नाही

'वर्किंग मेमरी म्हणजेच तर्कबुद्धी' असं ठासून सांगणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (वर्किंग मेमरी म्हणजे काम चालू असताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता.) ऐकलेले सात अंक उलट्या क्रमाने म्हणता आले नाहीत तर मुलाची विचारशक्ती कच्ची, रोज वीस मिनिटं आकड्यांचा सराव केला की तर्कशक्ती दुप्पट, आणि चुकीचा निष्कर्ष काढणाऱ्याची मेमरीच कमी, असे त्यातले दावे. माझ्या बहिणीने ते खरे मानले. आता आठवीतला भाचा रोज आकडे म्हणायला बसतो आणि अडखळला की "तुझं डोकंच चालत नाही" हे ऐकून घेतो. म्हणून हे लिहितेय.

पहिला दावा निव्वळ क्रूर आहे. उलटे अंक म्हणताना मोठी माणसंही साधारण पाचाच्या आसपास अडकतात.

सरावाचा दावा सगळ्यात घातक, कारण मुलांच्या संध्याकाळी त्यात जातात. 1980 साली एरिक्सन, चेस आणि फॅलून यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एका कॉलेजच्या विद्यार्थ्याचा प्रयोग छापला. सुमारे 230 तासांच्या सरावानंतर तो सातावरून 79 अंकांपर्यंत पोहोचला. हा मुलगा धावपटू होता. 3492 ऐकलं की तो ते '3 मिनिटं 49.2 सेकंद, एका मैलाची वेळ' असं लक्षात ठेवायचा. म्हणजे त्याने आकड्यांना आपल्या ओळखीच्या खुंट्यांवर टांगलं होतं. अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास. इतक्या मेहनतीने वाढलेली क्षमता अक्षरांपर्यंतसुद्धा पोहोचली नाही, ती तर्कापर्यंत कुठून पोहोचणार? 2008 मध्ये एका अभ्यासाने अशा सरावाने बुद्धी वाढते असं म्हटलं होतं, हे खरं. पण 2016 साली मेल्बी-लेर्वोग, रेडिक आणि ह्यूम यांनी 87 शोधनिबंध एकत्र तपासले. ज्याचा सराव केला त्यात, किंवा त्यासारख्याच कामात सुधारणा दिसते. तर्क, वाचन, गणितापर्यंत ती जाते याचा खात्रीलायक पुरावा त्यांना सापडला नाही.

एक गोष्ट मान्य करावीच लागेल. वर्किंग मेमरी आणि तर्क यांचं नातं घट्ट आहे. एखादं गणित सोडवताना आधीची पायरी डोक्यात धरून पुढची करावी लागते, तिथे तीच कामी येते. 1990 मध्ये किलोनन आणि क्रिस्टल यांना दोन्हींतला सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.80 ते 0.90 मिळाला होता. पण तो अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला, एकट्या उलट्या आकड्यांवरून नव्हे. 2005 मध्ये बरेच अभ्यास एकत्र केल्यावर काहींना तो 0.48 च्या आसपास दिसला, तर काहींनी त्याच सुमारास 0.72 काढला. यातला मोठा, 0.72 हा आकडा धरला तरी माणसामाणसांतला निम्माच फरक त्याने उलगडतो (0.72 चा वर्ग सुमारे 0.52).

चुकीचा निष्कर्ष म्हणजे कमी मेमरी, हा उरलेला दावा दोन ओळींत निकालात निघतो. 'सगळे मासे पोहतात. शार्क पोहतो. म्हणून शार्क मासा आहे.' बरोबर वाटतं ना? आता शार्कच्या जागी बदक घाला. वाक्यं तेवढीच, स्मृतीवरचा भार तेवढाच, पण चूक लगेच दिसते. शार्कच्या वेळी ती निसटली, कारण निष्कर्ष आधीपासून पटलेला होता.