हळदीघाटी, काका आणि आमचा फॅमिली ग्रुप

आमच्या नाशिकच्या काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकला, हळदीघाटी महाराणा प्रतापांनीच जिंकली, शाळेत आपल्याला खोटं शिकवलं वगैरे. २०२१मध्ये पुरातत्त्व खात्याने हळदीघाटीच्या रणभूमीवरचे, म्हणजे रक्त तलाईवरचे, राजपूत सैन्याने माघार घेतली असं सांगणारे फलक काढले, तेव्हापासून काका जोरात आहेत. मी इथे एडिनबरोत, रात्री भांडी घासून झाल्यावर हे वाचते आणि मग झोप जाते.

इन्व्हर्नेसजवळ कलोडनचं मैदान आहे, एप्रिल १७४६मध्ये तिथे जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्रासाठी ब्रिटिश सरकारशी लढणाऱ्यांचा, तासाभरात खुर्दा उडाला. आम्ही गेलो तेव्हा बारीक पाऊस होता, गवतात एका बाजूला जॅकोबाइटांचे निळे झेंडे, समोर सरकारी सैन्याचे लाल, म्हणजे कोण कुठे उभं होतं ते कळावं, आणि सरकारी बाजूला पण स्कॉटिश पलटणी होत्या हे कुणी लपवत नाही. हरलो म्हणून कुणी बोर्ड उपटलेला नाही. आता हे लोक फार संत आहेत असं नाही हं, त्याच हरलेल्या राजपुत्राचा फोटो बिस्किटाच्या डब्यावर छापून विकतात.

पण मला काकांना हे सांगायचंय की १८ जून १५७६ला प्रताप रणातून निघाले, झाला मान यांनी त्यांचं राजछत्र स्वतःवर घेतलं आणि तिथेच पडले, ही गोष्ट माघारीशिवाय सांगताच येत नाही! राणा जिंकत होते तर छत्र कशाला बदललं? आणि समोर मुघलांचा सेनापती कोण, तर आमेरचा राजपूत मानसिंह, इकडे राणांच्या आघाडीला हकीम खान सूर, अफगाण. काकांच्या फॉरवर्डात हा माणूस कधीच नसतो.

खरी कमाल पुढची वीस वर्षं आहे. डोंगरात भिल्लांच्या जोरावर टिकून राहिले, १५८२ला दिवेरचं मुघल ठाणं मोडलं, मग चावंडला राजधानी केली आणि १५९७मध्ये वारले तेव्हा बराचसा मेवाड परत हातात होता, चित्तोड मात्र नाही. ते मुलाला, अमरसिंहाला, १६१५मध्ये जहांगीरशी तह करून मिळालं, ते पण किल्ल्याची डागडुजी करायची नाही या अटीवर.

आपण मराठी माणसांना तरी हे कळायला हवं ना? १६६५ला पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले, घेणारा मिर्झाराजा जयसिंह, म्हणजे याच मानसिंहाचा खापर, नाही नाही, साधा पणतू. तेवीसचा आकडा आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो, त्याने महाराज कुणाला लहान वाटले का कधी? उलट तो तह झाला म्हणून तर आग्रा झालं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर, ‘तू तिकडे राहून बाटलीस.’ मग जरा वेळाने, डिसेंबरात येशील तेव्हा राजस्थानची गाडी करू. त्यांना हळदीघाटी बघायचीय, मला चावंडजवळचं बांडोली, जिथे राणांना अग्नी दिला तिथली आठ खांबांची छत्री. काका म्हणतात एवढं लांब जाऊन तिथे बघायचं काय.