१, २, ४, ८, १६ नंतर ३१: आकृतिबंधांविषयीच्या एका मजकुराचा प्रतिवाद

पालकांच्या आणि शिकवणीवर्गांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर थोड्याफार फरकाने वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: संख्यामालिकेतील पुढची संख्या एकच असते आणि जिला-ज्याला ती चटकन सुचते ते मूल गणितात हुशार; चार-पाच पदे जुळली की नियम सापडला; ठिपके, काड्या आणि आकृत्यांचे नमुने, म्हणजे आकृतिबंध, ही चित्रकला असून त्यात पाढ्यांचा वेळ वाया जातो; हे सारे परदेशी अभ्यासक्रमांतून आलेले खूळ आहे; आणि परीक्षेपुरते हवेच असेल तर ‘फरक काढा, फरकाचा फरक काढा’ ही युक्ती पुरे. पाढे पाठ असावेत, एवढ्या एका आग्रहाशी माझे भांडण नाही. बाकीची विधाने मात्र तपासून पाहिली पाहिजेत, कारण त्यांवर विसंबलेले मूल नेमके जिथून गणित सुरू होते तिथेच थांबते.

पहिले विधान पुढची संख्या एकच असते, हे. एक वर्तुळ काढावे, परिघावर काही बिंदू घ्यावेत, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडावा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजावे. एका बिंदूला १ भाग, दोन बिंदूंना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती, असे विचारल्यावर मजकूर लिहिणारा ३२ म्हणेल. मोजल्यावर ३१ भरतात. (बिंदू समान अंतरावर घेतले तर बिंदू जोडणाऱ्या रेषांपैकी, म्हणजे जीवांपैकी, तीन मध्यातून जातात आणि भाग ३०च होतात; म्हणून बिंदू थोडे वेडेवाकडे घ्यायचे.) या ३१ मागे कारण आहे, आणि ते आठवीतल्या मुलाला समजते. मुळात वर्तुळाचा एक भाग असतो, प्रत्येक जीवा एक भाग वाढवते आणि जीवांचा प्रत्येक छेदनबिंदू आणखी एक. पाच बिंदूंना १० जीवा आणि ५ छेद, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंना १५ जीवा आणि १५ छेद, म्हणून १ + १५ + १५ = ३१. दुपटीचा नियम पहिल्या पाच पदांना लागू पडला खरा, पण तो या आकृतीचा नियम कधीच नव्हता.

हे एखादे अपवादात्मक उदाहरण आहे असेही नाही. २, ४, ६ यांनंतर ८ यावेत अशी आपली अपेक्षा असते. पण पदाच्या क्रमांकाच्या दुपटीत, त्या क्रमांकातून १, २ आणि ३ वजा करून येणाऱ्या तीन संख्यांच्या गुणाकाराची दहापट मिळवायची, असा नियम केला तर पहिल्या तीन पदांत ही भर शून्य होते आणि चौथे पद ६८ येते. दहापटीऐवजी दुसरी कोणतीही पट घेऊन चौथ्या जागी हवी ती संख्या आणता येते. म्हणून केवळ तीन-चार संख्या देऊन ‘पुढे काय?’ असे विचारणारा प्रश्न खरे तर ‘माझ्या मनात काय आहे?’ असे विचारत असतो. संख्या कुठून आल्या हे सांगितले, किंवा मुलाने स्वतः निवडलेला नियम स्पष्ट मांडून तो दिलेल्या सर्व पदांना लागू होतो हे दाखवायचे असे ठरवले, की तोच प्रश्न गणिताचा होतो. ८ न लिहिता दुसरे काही लिहून त्याचे कारण देणाऱ्या मुलाला चूक ठरवणे हा अन्याय आहे.

दुसरे विधान पडताळणीचे. चार-पाच पदे पुरतात, असे मजकूर म्हणतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असे करत नऊ एकांपर्यंत जावे, १२३४५६७८९८७६५४३२१ हा देखणा वर्ग मिळतो. नऊ वेळा नियम टिकला. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो आणि मधली चढण-उतरण मोडते. का मोडते, हे उभी मांडणी करून गुणाकार केला की दिसते: मधल्या स्तंभात जितके एक तितकी बेरीज येते, ती नऊपर्यंत एका घरात मावते आणि दहा झाली की हातचा शेजारच्या घरात जातो. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशाच संख्यांना ‘डेम्लो’ संख्या म्हटले. हे नाव डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावरून आले. गणितज्ञ ऑयलरचे उदाहरण याहून फसवे आहे. संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. शून्यापासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या (१ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी) मिळते, म्हणजे ओळीने चाळीस वेळा, आणि ४० घेतल्यावर १६८१ येते, जी ४१ गुणिले ४१ आहे.

मग तपासून पाहण्याला किंमतच नाही काय? आहे, आणि तेही कापरेकरांकडूनच शिकता येते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक प्रसिद्ध आहे: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. इथे चार अंकी संख्याच मर्यादित आहेत, त्यामुळे प्रत्येक संख्या तपासली की सिद्धता पूर्ण होते. न संपणाऱ्या मालिकेला ही सोय नाही. तिथे कारणच लागते, आणि हा फरक मुलांना आकृतिबंधांइतक्या कमी सामग्रीत दाखवणारा दुसरा पाठ मला माहीत नाही.

कारण कुठून मिळते? पुष्कळदा आकृतीतून, आणि म्हणूनच ‘चित्रकला’ हा शेरा चुकीचा आहे. काड्यांचे चौरस एकमेकांना चिकटवून एका रांगेत मांडले तर काड्या लागतात ४, ७, १०, १३. दहा चौरसांना ३१ काड्या लागल्या म्हणून वीसांना ६२, असे उत्तर वर्गात हमखास येते. ते ६१ आहे, कारण रांगा जोडताना सामाईक काडी एकदाच मोजायची असते. हे केवळ संख्यांकडे पाहून सुचत नाही. एक मूल म्हणते, सुरुवातीची एक काडी आणि मग प्रत्येक चौरसाला तीन. दुसरे म्हणते, पहिल्या चौरसाला चार आणि पुढच्या प्रत्येकाला तीन. तिसरे प्रत्येक चौरसाला चार काड्या धरते आणि दोनदा मोजलेल्या सामाईक काड्या वजा करते. तिन्ही पदावल्या वेगळ्या दिसतात आणि नेहमी तेच उत्तर देतात. त्या सारख्या का, हे समजावताना बीजगणित सुरू झालेले असते. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात ‘आकृतिबंध’ या प्रकरणापाठोपाठ ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ येते, तो योगायोग समजू नये.

रांगोळीचे ठिपकेही इथेच बसतात. ‘१३ ते ७’ ठिपक्यांच्या रांगोळीत मधल्या ओळीत १३ आणि दोन्ही बाजूंना १२, ११ असे उतरत ७ पर्यंत ठिपके असतात. ओळींनी मोजले तर १३ अधिक ५७ ची दुप्पट, म्हणजे १२७. मध्यबिंदूभोवतीच्या कड्यांनी मोजले तर १ + ६ + १२ + १८ + २४ + ३० + ३६, पुन्हा १२७. ‘१५ ते ८’ करायची तर ४२ ठिपक्यांचे एक कडे वाढवायचे, की १६९ झाले.

‘परदेशी खूळ’ या विधानाला फार वेळ द्यायला नको. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. तर ठरावीक मात्रांच्या ओळी किती प्रकारे रचता येतील, हा प्रश्न आपल्या छंदःशास्त्रज्ञांनी विचारला आणि विरहांक व पुढे हेमचंद्र यांनी त्याचा नियम सांगितला. ओळ लघूवर संपत असेल तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते आणि गुरूवर संपत असेल तर दोन कमी असलेली, म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३. ही मालिका आज ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या इटालियन गणितज्ञ फिबोनाचीचे पुस्तक १२०२ मधले, म्हणजे हेमचंद्रांच्या नंतरचे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त श्रेढीव्यवहार, म्हणजे संख्यामालिकांचे गणित, हे स्वतंत्र प्रकरणच आहे. आधी कोण, ही चुरस मला महत्त्वाची वाटत नाही. विरहांकांच्या नियमाला कारण जोडलेले आहे, हे महत्त्वाचे वाटते.

राहिली परीक्षेची युक्ती. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते, तिथे पर्याय दिलेले असतात, वेळ मोजका असतो आणि फरक काढून पाहणे हा शहाणपणाच आहे. पण युक्ती कुठे चालते हे ठाऊक हवे. ५, १०, २०, ४० चे फरक ५, १०, २० येतात, त्यांचे फरक ५ आणि १०; ही मालिका कितीही वेळा सोलली तरी फरक एकसारखे होत नाहीत, कारण ती दुपटीची आहे. उलट १, ४, ९, १६ चे फरक ३, ५, ७ आणि त्यांचे फरक २, २ असे लगेच स्थिरावतात. ठिपक्यांचा चौरस मोठा करताना दर वेळी काटकोनी पट्टी जोडावी लागते आणि ती आधीच्या पट्टीपेक्षा दोन ठिपक्यांनी लांब असते, हे ज्याने काढून पाहिले आहे त्याला हा २ कुठून आला ते कळते. शिक्षकांनी १६ नंतर रिकामी चौकट ठेवण्याऐवजी पहिल्या तीन आकृत्या काढून शंभरावी आकृती तयार करताना जोडायच्या पट्टीत ठिपके किती आणि का, असे विचारावे. १९९ हे उत्तर देणाऱ्याने ते शंभर आकृत्या काढून शोधलेले नसेल, आणि ‘का’ची जागा भरल्याशिवाय त्याला पूर्ण गुण देऊ नयेत.