म्हणे, बदकाला साडेतीन इंचीच हवं!

बदकांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरायला लागतो. मूळ इंग्रजी, यंदा कुणीतरी हौसेने मराठीत उतरवलाय. म्हणणं थोडक्यात असं: बदकांसाठी काडतूस जितकं लांब तितकं उत्तम. लांब काडतुसाचे छर्रे जास्त वेगाने जातात आणि लांबवर मारतात. पावणेतीन इंची काडतूस मातीच्या तबकड्या फोडायला ठीक, पक्ष्यांना नाही. स्टीलच्या छर्ऱ्यांना साडेतीन इंचांशिवाय दम नाही. साडेतीन इंची बंदूक घेतली की सगळं त्यात आलं. आणि शेवटी, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बसलं आणि बोल्ट बंद झाला, की ते त्या बंदुकीत चालतं.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. दुकानात कोणी किती पैसे उधळावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण माझ्या भाच्याने नुकताच शिकारीचा परवाना काढलाय, कुणाची तरी जुनी पंप बंदूक विकत घेतलीय, आणि हा संदेश पुढे ढकलून तो मला विचारतो, "मामा, तीन इंची अगदी आरामात बसतंय. डबा आणू का?"

बसतंयच रे बाबा. बसतं म्हणून तर घोटाळा होतो.

(भारतात शिकारीला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे नुसती माहिती म्हणून वाचावं.)

डब्यावर छापलेली लांबी ही काडतूस उडवल्यानंतरची असते. विकत मिळतं तेव्हा त्याचं तोंड सहा किंवा आठ घड्या घालून आत दुमडलेलं असतं. तीन इंची काडतुसाला फूटपट्टी लावून बघा, ते पावणेतीन इंचांपेक्षाही कमी भरेल. मग पावणेतीन इंची चेंबरमध्ये ते सरळ आत जाणारच. घोडा ओढला की त्या घड्या पुढच्या बाजूला उलगडतात, आणि उलगडायला लागणारी जागा तिथे नसते. चेंबर संपलेलं असतं, नळी निमुळती व्हायला लागलेली असते. काडतुसाचं तोंड त्या निमुळत्या भागात दाबून बसतं, आणि मागून वॅड (छर्रे धरून ठेवणारी वाटी) आणि सव्वा औंस स्टील त्याच अरुंद वाटेने बाहेर पडायला बघतं. दाब वाढतो. किती वाढेल हे त्या बंदुकीवर आणि त्या काडतुसावर अवलंबून. तुमचा गाल मात्र त्या वेळी लाकडाला टेकलेला असतो आणि डावा हात नळीखाली.

संदेशाखाली एका महाशयांनी लिहिलंय, "मी कित्येक वर्षं असंच मारतोय, काही होत नाही." त्यांनी आपल्याच रिकाम्या पुंगळ्या उचलून बघाव्यात. योग्य चेंबरमधून निघालेल्या पुंगळीचं तोंड गोल आणि नीट उघडलेलं असतं. आखूड चेंबरमधून निघालेलीच्या कडा चिंध्या झाल्यासारख्या दिसतात. बंदूक अजून फुटली नाही, एवढंच त्यांनी सिद्ध केलंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. सामी (SAAMI) नावाची संस्था 1926 पासून अमेरिकेतल्या बंदुका आणि काडतुसांची मानकं ठरवते, आणि ती बनवणाऱ्यांचीच संस्था आहे. म्हणजे लांब काडतुसं विकली गेली तर तिच्या सभासदांचा फायदाच. तरीही तिच्या धोकादायक जोड्यांच्या यादीत पावणेतीन इंची चेंबर आणि तीन इंची काडतूस ही जोडी स्पष्ट दिलेली आहे. यावर कुणी म्हणेल की सामीच्याच तक्त्यात 12 गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) या दोन्ही काडतुसांची दाबाची मर्यादा सारखीच, 11,500 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) आहे. आहे ना. पण ती ज्या त्या काडतुसाच्या आपल्या लांबीच्या चेंबरमध्ये मोजलेली. तोंड दाबलं गेल्यावर ती मर्यादा कुठची पाळली जायला? साडेतीन इंचीची तर मर्यादाच 14,000 पीएसआय आहे.

तेव्हा आधी नळीवर कोरलेलं वाचायचं. 2¾, 3 किंवा 3½ इंच असं लिहिलेलं असतं, युरोपीय बंदुकीवर 70, 76 किंवा 89 मिलिमीटर. फार जुन्या बंदुकीवर 65 सुद्धा सापडेल, तिच्यात पावणेतीन इंचीही घालायचं नाही. अक्षरं पुसट झाली असतील किंवा नळी मागाहून बदललेली वाटत असेल तर गनस्मिथकडून चेंबर मोजून घ्यायचं. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये नाही. जुन्या बंदुकीला फुल चोक (नळीचं तोंड चांगलंच आवळलेलं) असेल तर त्याच फेरीत स्टीलचंही विचारून घ्या. शिसं दबतं, स्टील दबत नाही.

आता वेग. लांबीमुळे वेग वाढत नाही, छर्रे जास्त मावतात. तीन इंची काडतुसात सव्वा औंस स्टील असेल तर वेग साधारण 1,450 फूट प्रति सेकंद, आणि त्याच तीन इंचीत 1⅛ औंस असेल तर 1,550. लांबी तीच, भार हलका, म्हणून वेग जास्त. शिवाय गोल छर्रा हवेत झपाट्याने मंदावतो. नळीच्या तोंडाशी असलेला हा शंभर फुटांचा फरक 40 यार्डांवर पुरता उरतही नाही.

"पावणेतीन इंची पक्ष्यांना नाही" हा मुद्दा साध्या बेरजेत आटपतो. स्टीलचे क्रमांक 2 चे छर्रे एका औंसात साधारण 125 येतात, क्रमांक 4 चे 192. (क्रमांक लहान तितका छर्रा मोठा, नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.) पावणेतीन इंचीत 1⅛ औंस क्रमांक 2 म्हणजे 140 च्या आसपास, तीन इंचीत सव्वा औंस म्हणजे 156. एवढ्याच फरकासाठी हा सगळा आरडाओरडा. उलट त्याच पावणेतीन इंचीत क्रमांक 4 भरलेलं घ्या, 216 छर्रे होतात. साडेतीन इंचीतल्या दीड औंस क्रमांक 2 मध्ये 187 च येतात! डिकॉयवर (पाण्यावर ठेवलेल्या नकली बदकांवर) पाय सोडून उतरणाऱ्या टीलला (छोट्या बदकाला) किंवा पिनटेलला (हेच आपल्याकडे जायकवाडीला हिवाळ्यात येणारं तलवार बदक) 30 यार्डांवर क्रमांक 4 पुरेसा आहे. मॅलार्ड (मोठं बदक) आणि जरा लांबचं अंतर असेल तर 3 किंवा 2 घ्या. आधी पक्षी आणि अंतर, मग छर्‍याचा क्रमांक, लांबीचा विचार सगळ्यात शेवटी.

आणि 60 यार्डांवरचं बदक पाडायला साडेतीन इंची, असं ज्यांना वाटतं त्यांची गोष्टच वेगळी. त्या अंतरावर छर्रे विरळ होतात, पक्षी जखमी होऊन दूर टुलेच्या लव्हाळ्यात पडतो आणि कुणालाच सापडत नाही. काडतूस वाढवून नेम सुधारत नाही. तो बिघडतो मात्र. साडेतीन इंचीचा धक्का चारदोनदा खाल्ला की नवखा माणूस घोडा ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो.

स्टीलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. बदकं चिखलातलं दाणापाणी टिपताना पडलेले शिशाचे छर्रे गिळायची आणि विषबाधेने मरायची, म्हणून 1991 च्या हंगामापासून अमेरिकाभर पाणपक्ष्यांवर शिसं बंद झालं. स्टीलची घनता 7.8 च्या आसपास, शिशाची 11.3. तेवढ्याच ताकदीसाठी छर्रा दोन क्रमांक मोठा घ्यावा लागतो, मोठे छर्रे जागा जास्त खातात, आणि जागेसाठी काडतूस लांब करावं लागतं. 12 गेजचं साडेतीन इंची 1988 साली आलं ते याच गरजेतून. उंचावरून जाणाऱ्या हंसांवर (गीज) बीबी (क्रमांक 2 पेक्षाही मोठे छर्रे) मारायचे असतील तर ते उपयोगी आहे. पण संदेश हंसांचा नाही, बदकांचा आहे, आणि आता बिस्मथ व टंगस्टनचे छर्रेही मिळतात, महाग का असेनात.

"साडेतीन इंची बंदूक घेतली की सगळं आलं" हेही अर्धं खरं. तिच्यात तिन्ही लांब्या चालतात. मात्र काही सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंदुका हलक्या काडतुसावर पुंगळी नीट बाहेर टाकत नाहीत, आणि दिवसभर चिखलातून वजन वाहायचं असतं ते तुम्हालाच.

डबा आणण्याआधी मोठा कागद टांगा, 40 यार्डांवरून एक बार काढा, सगळ्यात दाट जागेभोवती 30 इंच व्यासाचं वर्तुळ आखा आणि भोकं मोजा. दोनतीन कंपन्यांची काडतुसं अशी तपासा, एकाच नळीतून प्रत्येकाचा पसारा निराळा पडतो. सुरुवात पावणेतीन इंची, 1⅛ औंस, क्रमांक 3 किंवा 4 पासून करा. इथल्या सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या रेफ्यूजवर (सरकारी राखीव पाणथळीवर) तशीही एका माणसाला 25 च काडतुसं आत नेता येतात, तेव्हा कागदाचं काम घरून निघण्याआधी उरकलेलं बरं.