दादा, मग नर्स ‘आली’च कशी?

दादा, एआय ॲप शेतकऱ्याला बाप्याच धरतं, या माझ्या पोस्टवर एवढी लांबलचक कमेंट टाकलीत, थँक्यू. तुमचं म्हणणं असं की ‘शेतकरी’ हा शब्दच पुल्लिंगी, मग एआयनं ‘शेतकरी गेला’ लिहिलं तर त्यात मशीनचा काय दोष, आन मी उगं सगळीकडं बाई-बाप्या बघायले.

शब्दाचं मान्य. पण त्याच दिवशी मी त्याच ॲपला इंग्रजीतली दोन वाक्यं मराठी करायला दिली होती, एकात वॉर्डात डॉक्टर, दुसऱ्यात नर्स, बाकी शब्द सेम. उत्तर आलं ‘डॉक्टर आला’ आन ‘नर्स आली’. इंग्रजीत दोन्हीकडं बाई का माणूस काहीच कळत नव्हतं, नुसत्या पुल्लिंगी व्याकरणाचा मामला असता तर नर्सपण ‘आला’ झाला असता ना? दवाखान्यात आपण ब्रदर, म्हणजे पुरुष नर्सपण बघतोच की. शिकताना जे शब्द जोडीनं जास्त दिसले तेच मशीन पुढं ठोकून देतं. तुर्की भाषेत तर तो-ती वेगळं नाहीच, तरी गुगल ट्रान्सलेटवर इंग्रजी करताना डॉक्टर ‘तो’ व्हायचा, शेवटी 2018 ला गुगलनं तिथं दोन्ही उत्तरं द्यायला सुरू केलं. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

मशीन आपल्याकडूनच शिकलं म्हणता, तेही खरंय. बीडकडं ऊसतोडीला ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं, मोजायला मात्र एकच. मी ॲपला ऊसतोडीवर गोष्ट मागितली तर नवरा उसाच्या फडात अन बायको कोपीवर, म्हणजे झोपडीवर, भाकरी थापत बसलेली. अहो, मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढती कोण मग? भाकरी ती पहाटंच करून आलेली असती.

आन ‘नीट सांगायचं ना त्याला’ म्हणायलात, तर सांगितलं होतं. पीकविम्याच्या तक्रारीचा अर्ज आईच्या नावानं पाहिजे, सातबारा तिच्याच नावावर, ती स्वतः शेती करते, सगळं लिहून दिलं. अर्ज आला, ‘मी विनंती करतो’. मी बसून एकेक ‘करतो’चं ‘करते’ केलं, घाईत खालचं एक राहिलंच, आन अर्ज द्यायला गेलो तिथल्या ऑफिसातल्या साहेबानं नेमकं त्याच्यावर बोट ठेवून आईला विचारलं, मालक नाही आले का सोबत?